काशीबाई आणि झुमनकुमारचे केस

पहिली चप्पल पडद्यावर आपटली तेव्हा झुमनकुमार एका म्हशीसमोर उभा होता. दुसरी त्याच्या कानाजवळून गेली. त्यानंतरच्या चपलांकडे मी पाहिलंच नाही, कारण माझं लक्ष खुर्च्यांकडे होतं. आमच्या टॉकीजमध्ये लाकडी फोल्डिंगच्या खुर्च्या होत्या आणि पोरं त्यांच्यावर उभी राहून नाचत होती.

"बंद कर बे! म्हैस हटव!"

मी बायकांसाठी राखलेल्या लेडीज क्लासच्या दारात उभी होते. शेठजी ऑफिसातून धावत आले, धोतराचा सोगा हातात धरून.

"कमल, काय झालं वं?"

"शेठजी, झुमनकुमारचे केस गेले."

"केस गेले तं खुर्च्या कायले तोडून राह्यले?"

शेठजी तसेच वर केबिनकडे पळाले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि तालुक्याची करमणूक म्हणजे आमची टॉकीज. मी तिथे लेडीज बुकिंगवर होते. बुकिंग म्हणजे तिकिटाची खिडकी. पुरुषांच्या खिडकीत बाईमाणसानं हात घातला की बांगड्यांचा चुरा व्हायचा. म्हणून शेठजींनी बाजूला वेगळी खिडकी काढली आणि तिच्यामागे बसायला मॅट्रिक पास, गर्दीला न घाबरणारी बाई शोधायला लागले. आमच्या वस्तीत अशी एकच होती. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते लेकरं शिकवायचीच असं ठरवून, आणि त्यांनी शिकवली. पुढे लेक टॉकीजमध्ये बसते म्हणून लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं. वडील मला एवढंच म्हणाले, "खुर्चीवर बसून काम करतं नं? मंग बस."

मला ते काम मनापासून आवडायचं. आजही सांगताना आनंद होतो. तिकीट हातात पडल्यावर बाईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी रोज अगदी जवळून पाहिलं आहे.

बुधवारचा लेडीज शो ही माझीच कल्पना होती. बुधवारी दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी, तशी पाटीच दारावर लावली होती. आत एकही पुरुष नाही. वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारे रहीमचाचा होते, पण त्यांना आम्ही मशीनमध्येच धरत होतो. आजूबाजूच्या गावांतून बायका बैलगाड्या करून यायच्या. सगळ्यांत जास्त गाड्या अनसिंगच्या. भाकरी बांधून आणायच्या, लेकरं मांडीवर घ्यायच्या आणि आख्खा हॉल आपलाच असल्यासारख्या ऐसपैस बसायच्या. बाकीच्या दिवशी लेडीज क्लास जवळजवळ रिकामा असे. म्हणजे माझी नोकरी बुधवारच्या जिवावर उभी होती. शेठजींनी ते लपवलं नव्हतं. "बुधवार चालला तं तू हायेस. नाई चालला तं तुह्या खिडकीत मी सायकल स्टँडचे बिल्ले ठेवीन."

आता त्या पिक्चरबद्दल. नाव नाही सांगत. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना म्हशीवरून आठवेलच.

झुमनकुमार नावाचा एक गाणारा हीरो असतो. देशभरच्या पोरी त्याच्यापायी वेड्या. कपाळावर केसांचा भला मोठा झुपका आणि गळ्यात लाल रुमाल. तो रुमाल एका नशीबवान पोरीला द्यायला तो एका लहानशा गावात येतो. मग गावात जी धांदल उडते तेच पिक्चर. नगराध्यक्ष भाषण विसरतो. हेडमास्तर शाळेला सुट्टी देतो आणि स्वतःच आधी पळतो. पोरी चक्कर येऊन पडतात आणि पडतापडता वेण्या सारख्या करतात. शेवटून दुसऱ्या रीलमध्ये मोठं स्टेज, दिवे, कारंजं आणि झुमनकुमारचं धडाक्याचं गाणं. शेवटच्या रीलमध्ये तो गर्दीला चुकवून एका गोठ्यामागून पळायला बघतो, तर म्हैस आडवी येते. ती सरळ त्याच्या केसांना तोंड घालते आणि केस तिच्या तोंडात राहतात. टोप! खाली डोकं तुळतुळीत. रुमाल मिळालेली पोरगी हे पाहून पोट धरून हसते, रुमाल परत करते आणि आपल्या ओळखीच्या कंपाउंडरच्या सायकलवर मागे बसून घरी जाते. समाप्त.

काढणाऱ्यानं हीरोवेड्या लोकांची मजेत टर उडवली होती. मला तर फार आवडलं. पण ज्यांची टर उडवली तेच लोक तिकीट काढून समोर बसणार, हे मुंबईत कोणाच्या डोक्यात आलं नसावं. पोस्टर पाहून आणि रेडिओवर गाणं ऐकून, पिक्चर लागायच्या आधीच वाशीमच्या निम्म्या पोरांच्या गळ्यात लाल रुमाल आला होता. पडद्यावरच्या त्या हीरोला पिक्चरबाहेर दुसरं नाव होतं. आमच्या गावानं मात्र ते टाकून दिलं आणि त्याला झुमनकुमारच म्हणायला लागले. सलूनमध्ये पोरं "झुमन मारून द्या" म्हणायची आणि न्हाव्याला ते बरोबर समजायचं. अशा पोरांसमोर पहिल्याच दिवशी म्हशीनं झुमनकुमारचे केस खाल्ले.

मी शेठजींच्या मागोमाग केबिनमध्ये गेले. मशीन बंद झालं होतं. रहीमचाचा शांतपणे बिडी शोधत होते.

"चाचा, हे म्हैस काढून टाका. पूरी काढा!"

"शेठ, म्हैस काढली तं पिक्चर लंगडं होते. पोरगी एकदमच सायकलवर कुठून येईन?"

"मंग काय करू? खुर्च्या जळाऊ लाकडात इकू?"

चाचांनी रीलच्या डब्यांकडे पाहिलं. पिक्चर एका लांबलचक पट्टीत येत नाही. त्याचे तुकडे असतात, प्रत्येक तुकडा एका मोठ्या चक्रीवर गुंडाळलेला. ती रील. प्रत्येक रील आपल्या गोल पत्र्याच्या डब्यात, डब्यावर नंबर. केबिनमध्ये मशिनी दोन. एकीवरची रील संपत आली की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो आणि ऑपरेटर दुसरी मशीन सुरू करतो. याला चेंजओव्हर म्हणतात. तो ठिपका तुम्हाला दिसत नाही. आम्हाला मात्र गोष्ट सोडून तोच दिसतो.

"काढता नाई येत," चाचा म्हणाले, "पन मागंपुढं करता येते. म्हैस आदी दाखवू. गानं मंग. पब्लिक गान्यावर घरी जाईन."

"नंबर तं छापेल हाय नं चाचा?" मी म्हटलं.

"बेटी, नंबर कंपनीनं टाकला. अल्लानं नाई टाकला."

मग चाचांनी म्हशीच्या रीलमधून 'समाप्त'चा तुकडा कापला आणि सोल्युशन लावून गाण्याच्या रीलला जोडला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टॉकीजमध्ये पिक्चर असं चालायला लागलं: म्हैस झुमनकुमारचे केस खाते, पोरगी सायकलवर बसून घरी जाते, आणि लगेच तीच पोरगी स्टेजसमोर टाळ्या वाजवत बसलेली असते आणि झुमनकुमार कारंज्यासमोर झुपका उडवत गातो. समाप्त. पाच मिनिटांत टकलावर केस उगवले याचं एकाही माणसाला आश्चर्य वाटलं नाही. उलट हीरोनं संकटावर मात केली म्हणून पोरं खूश झाली. "वन्स मोर"चा नुसता कल्ला. वन्स मोर म्हणजे ते गाणं पुन्हा दाखवा. त्यासाठी चाचांना मशीन थांबवून रील मागे गुंडाळून पुन्हा लावावी लागे. शनिवारी त्यांनी ते एवढ्यांदा केलं की त्यांचा खांदा भरून आला. शेठजींनी खाली बसून हाऊसफुलची पाटी पुसली आणि वर चाचांना कचोरी पाठवली.

सोमवारी सकाळी माझ्या खिडकीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. खिडकीला चिकटून नाही, चांगली हातभर अंतर ठेवून. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागे गडी छत्री घेऊन. मी उठून उभी राहिले. अनसिंगच्या काशीबाईंना सगळेच ओळखत. मोठी शेतीवाडी, आणि घरातल्या पुरुषांनी काय पेरायचं हेही त्याच ठरवतात असं लोक म्हणत. बुधवारच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या त्यांच्या वाड्यातल्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या. त्या स्वतः मात्र कधी आल्या नव्हत्या.

"तूच काय वं बायकाईले तिकीट देनारी?"

"हो बाई."

"मंग ऐक. माह्या नातीचं लगन मोडून राह्यलं. आन ते तुमच्या टॉकीजनं मोडलं."

त्यांची नात कुसुम. आदल्या दिवशी तिला पाहायला शेलूबाजारचा मुलगा आला होता. मास्तर, स्वभावानं गरीब, घरचा चांगला. पोहे झाले, चहा झाला. मग कुसुमनं मान वर केली आणि भर बैठकीत त्यालाच विचारलं, "तुमी केसं समोर काहून नाई घेत?"

"मंग?" मला राहवेना.

"मंग काय! त्यानं डोक्शावर हात फिरोला आन मने, 'मी तं घेतो, ते येत नाईत.' सारे हासले. पोट्टी आतमंदी येऊन बसली आन मने, मले नाई करा लागत. मले झुमनकुमारसारखा पाह्यजे." काशीबाईंचा आवाज चढला. "कोन हाय हा झुमनकुमार? कोन्या गावचा? वावर किती त्याले?"

मी ओठ घट्ट दाबून धरले. हसले असते तर तिथेच माझी नोकरी संपली असती.

"शनवारी मामेबहिनीसंग पाहून आली थे पिच्चर. तवापासून अशी करून राह्यली. म्या ठरोलं हाय. बुधवारी आमची एक गाडी येनार नाई. अनसिंगची एक बाई येनार नाई. आन माहा दीर तहसीलदारापाशी बसते. टॉकीजले लायसन कोन देते ते मले मालूम हाय. बायकाईचा खेळ बंद म्हंजे बंद."

अनसिंगच्या गाड्या गेल्या की बुधवार गेला. बुधवार गेला की खिडकीत सायकलचे बिल्ले. पण हा हिशेब करतानाच एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. कुसुमनं पिक्चर शनिवारी पाहिलं होतं. म्हणजे चाचांनी रील फिरवल्यावर. तिनं केस जाताना पाहिले आणि लगेच परत आलेलेही पाहिले. शेवटी कारंजं, दिवे, गाणं. पोरीचं काय चुकलं? आग आमच्याच टॉकीजनं लावली होती.

"बाई," मी म्हटलं, "तुमी थे पिच्चर पाह्यलं काय?"

"मी? कायले पाहू? न पाहताच समजते मले."

"एकडाव पाहा. या बुधवारी या. कुसुमले आना, साऱ्याइले आना. शेवटलोक बसा. मंग बी तुमी म्हनसान का बंद करा, तं बुधवारची पाटी मी माह्या हातानं उतरवीन. तहसीलदाराले तरास द्यायची गरज नाई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माह्यासमोर उतरवशीन?"

"तुमच्यासमोर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. दोन पावलांवर थांबून विचारलं, "तथी बसाले सतरंजी आना लागते का असते?"

शब्द तर दिला. आता पिक्चर सरळ करायचं होतं. शेठजींनी ऐकताच दोन्ही हात जोडले.

"कमल, माह्या खुर्च्या पाह्यल्या नं तू? पुन्ना म्हैस शेवटी? नाई. त्यापेक्षा बुधवार बंद. कटकट नको."

"शेठजी, बायका खुर्च्या नाई तोडत."

"पोट्ट्या तोडतीन. तुले मालूम नाई, त्या पोट्ट्याइपेक्षा जास्त पागल हायेत."

"तोडल्या तं मी घरी बसीन. आन नाई आल्या अनसिंगच्या बायका, तरी मी घरीच बसनार हाय. मंग एक डाव पाहू नं."

शेठजी कंजूष होते, पण कठोर नव्हते. "चाचाले विचार," म्हणाले. त्यांच्या भाषेत ही परवानगी होती.

चाचांनी कुरकुर केली. कापलेला 'समाप्त' पुन्हा सोडवायचा, पुन्हा मूळ रीलला जोडायचा, आणि बुधवारचा लेडीज शो संपला की संध्याकाळच्या पोरांसाठी पुन्हा उलटं. "हे समाप्त हाय का पाहुना? याच्या घरून उठते, त्याच्या घरी जाते." पण बोलताबोलता त्यांनी कात्री शोधलीच. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवली: गाण्याला कितीही ओरडा झाला तरी वन्स मोर द्यायचा नाही. सरळ म्हशीवर जायचं.

बुधवारी अनसिंगकडून एवढ्या गाड्या आल्या की मैदानात बैल बांधायला जागा उरली नाही. काशीबाई टॉकीज बंद पाडायला जाणार ही बातमी सगळीकडे पसरली होती आणि ते पाहायला, एरवी न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. काशीबाई सगळ्यांत पुढच्या गाडीतून उतरल्या. मागून कुसुम. सतरा-अठराची, गोड चेहऱ्याची, कपाळावर ओल्या कंगव्यानं वळवलेला केसांचा झुपका. दाराशी लावलेल्या पोस्टरसमोर ती एवढ्या भक्तिभावानं थांबली की मला माझ्या नोकरीचं टेन्शन आलं.

आत काशीबाई बसल्या तर फोल्डिंगची खुर्ची मागून उचलली गेली. "हे काय वं? बसाले देत नाई का ऊठ म्हनते?" मी खुर्ची धरून त्यांना बसवलं. एका बाजूला कुसुमला बसवून त्यांनी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर हात आपटला. "तू अथी बस. पळून जाशीन नाई तं."

लाईट गेले.

"लाईट कायले बंद करता? चोरून पाहाचं हाय काय?"

मागून हशा आला. मी त्यांना सांगितलं की अंधाराशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण पडद्यावर गाव उगवलं आणि त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं मला त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं, तेही माझ्याशी नाही, पडद्याशी. नगराध्यक्ष भाषण विसरला तेव्हा, "असाच हाय आमचाबी." पोरी चक्कर येऊन पडल्या तेव्हा, "दोन देल्या का उठतीन." झुमनकुमार मोटारीतून उतरला तेव्हा मात्र त्या काही बोलल्या नाहीत. कुसुमच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. काशीबाईंनी तिच्या मांडीला चिमटा काढला, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

इंटरव्हलला भाकरी सुटल्या. मी विचारलं, "कसं वाटते बाई?"

"वाटाचं काय हाय त्यात," त्या म्हणाल्या. मग भाकरीचा तुकडा मोडताना हळूच, "पोट्टा लय बारका दिसते. खात नसन बराबर."

मी तिकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण मला म्हशीची चिंता होती.

गाण्याची रील लागली. कारंजं, दिवे, झुपका. पोरी उभ्या राहिल्या, ओढण्या उडाल्या, "वन्स मोर" सुरू झालं. कुसुमचा आवाज सगळ्यांच्या वर. चाचांनी शब्द पाळला. कोपऱ्यात ठिपका चमकला आणि एकदम गोठा आला.

झुमनकुमार भिंतीच्या कडेनं पाऊल टाकत होता. समोरून म्हैस. माझ्या मनगटाला एकदम घट्ट काहीतरी लागलं. काशीबाईंनी माझा हात धरला होता.

"समोरून नोको जाऊ रे बाप्पा!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "बाजूनं हो! ताजी व्यायेल हाय थे! तिची वगार पाह्य मांगं! समोरून नोको!"

पडद्यावरच्या माणसाला ऐकू गेलं नाही. काशीबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतत गेली. त्या घरातल्या बाईनं आमच्या वस्तीतल्या कोणाचा हात धरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याही ते ध्यानात आलं नसावं. मी हात तसाच राहू दिला.

म्हशीनं तोंड घातलं. केस गेले.

मी कुसुमकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. शनिवारी तिनं हे पाहिलं होतं, पण शनिवारी पोरांच्या गोंधळात आणि पाठोपाठ आलेल्या गाण्यात ते वाहून गेलं होतं. आता पुढे गाणं नव्हतं. नुसतं डोकं होतं, आणि त्यावर ऊन चमकत होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हातारी खिदळली. मग दुसरी. मग कुसुमच्या नाकातून एक विचित्र आवाज आला आणि ती हसायला लागली. अशी हसली की वेणी पुढे आली, डोळ्यांतून पाणी आलं, ती शेजारणीच्या अंगावर पडली. सगळा हॉल हसत होता. जमलं, मी मनात म्हटलं. नोकरी वाचली.

आणि काशीबाई उभ्या राहिल्या.

"थांबवा! थांबवा म्हनलं नं!"

त्यांचा आवाज शेतातून नदीपर्यंत जाणारा होता. चाचांनी घाबरून मशीनच बंद केलं. लाईट आले. हसू जागच्या जागी गोठलं. पाटी कुठल्या खिळ्यावर आहे, स्टूल कुठे आहे, हे मला आठवायला लागलं.

काशीबाई हॉलकडे वळल्या. डोळे लाल होते.

"लाज नाई वाटत? कोनाचं लेकरू हाय थे? एवढं गानं म्हनलं, नाचलं, घामाघूम झालं. त्याचे केसं गेले आन तुमी फिदीफिदी हासता? त्याच्या मायले काय वाटलं असन?"

"आजी," कुसुम हुंदके देत म्हणाली, हसण्याचे हुंदके, "टोप होता थो! नकली केसं!"

"असंन नकली. म्हनून काय म्हशीनं खावं?" त्या माझ्याकडे फिरल्या. "तू सांग वरतं त्या बाबाले. पुरं कर मना. पन शेवट असा नाई कराचा. शेवटी थे गानं लाव मना. पान्याचं. पोराले असं उघडं टाकून मी घरी नाई जानार."

शुक्रवारी चप्पल फेकणारी पोरं आणि ही बाई, दोघांचं म्हणणं अक्षरशः एकच होतं. फरक एवढाच की काशीबाईंच्या चपला पायात होत्या.

मी वर धावले. चाचांनी सगळं ऐकलं होतं. "बेटी, बायका पोट्ट्याइपेक्षा जास्त पागल हायेत, शेठ बराबर बोलत होता नं मंग," म्हणत त्यांनी मशीन सुरू केलं. पोरगी कंपाउंडरच्या सायकलवर बसली, समाप्त आलं, आणि समाप्तनंतर पुन्हा कारंजं सुरू झालं. काशीबाई उभ्याच होत्या. गाणं संपत आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात पडद्याकडे ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. भर टॉकीजमध्ये त्यांनी झुमनकुमारची दृष्ट काढली. तेव्हा हॉलमध्ये ज्या टाळ्या पडल्या तशा मी नंतर कधीच ऐकल्या नाहीत. मी केबिनच्या भोकातून पाहत होते आणि रडत होते. आनंदानंच.

बाहेर गाड्या जुंपल्या जात होत्या. मी पाटीखाली जाऊन उभी राहिले. शब्द दिला होता, विचारणं भाग होतं.

"बाई, पाटी उतरवू काय?"

"कायले?" काशीबाई म्हणाल्या. "येत्या बुधवारी कोनतं हाय?"

"हेच हाय. दुसरा आठवडा."

"मंग ठीक." त्यांनी पदर सावरला. "पोट्ट्याइवर कोनाचं तं ध्यान पाह्यजे. मीच येईन."

कुसुम गाडीत चढत होती. कपाळावरचा झुपका तिनं केव्हाच मागे सारला होता. मी हळूच विचारलं, "आन शेलूबाजारचे मास्तर?"

ती लाजली. मग म्हणाली, "केसं थोडे हायेत, ताई. पन त्याइचे सोताचे हायेत नं."

पिक्चर आमच्याकडे आठवड्यांमागून आठवडे चाललं. शेवटी प्रिंट परत न्यायला डिस्ट्रिब्यूटरचा रिप्रेझेंटेटिव्ह आला. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे कंपनीचा माणूस, जो प्रिंट नीट आहे की नाही ते तपासतो. त्यानं शेवटच्या रीली उलगडल्या तर 'समाप्त'ला जोडावर जोड.

"हे काय केलंय तुम्ही लोकांनी? पिक्चरचा शेवट कोणी बदलला?"

"पब्लिकनं," चाचा म्हणाले.

"कोणत्या पब्लिकनं?"

चाचांनी थोडा विचार केला. "अनसिंगच्या."

कुसुमचं लग्न उन्हाळ्यात अनसिंगला झालं. बँडवाल्यांनी वरातीत झुमनकुमारचं गाणं वाजवलं, तेही नवऱ्या मुलाच्या आजेसासूच्या हुकमावरून. मास्तर घोड्यावर बसून हसत होते. फेट्यामुळे त्यांचा काही प्रश्नच नव्हता. काशीबाईंनी मला गाडी पाठवून नेलं आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. वाढणारे थबकले, तर त्या म्हणाल्या, "वाढा. टॉकीजमंदी माह्या बाजूलेच बसते थे."

पुढे मी त्याच टॉकीजची मॅनेजर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. त्या सगळ्या काळात भांडायला आलेल्या माणसाशी मी कधी ऑफिसात बोलले नाही. त्याला आधी आत नेऊन बसवायचं, लाईट बंद करायचे आणि इंटरव्हलला विचारायचं, तक्रार काय आहे. बहुतेक वेळा तोवर ती उरलेली नसते.

काशीबाई वर्षानुवर्षं दर बुधवारी आल्या. त्यांची खुर्ची ठरलेली, शेजारची माझी. बरोबरच्या पोरींची लग्नं होत गेली. शेवटी शेवटी त्यांच्या गाडीतून त्या एकट्याच उतरत. मी एकदा गमतीनं विचारलं, आता कोणावर ध्यान ठेवता? त्या खुर्ची धरून नीट बसल्या, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू लाईट बंद कर."